जुनी उघडी जीप घेण्याआधी

सोयाबीनचे पैसे हातात आले, कापसाची पहिली वेचणी विकली गेली, की इस्लापूर, किनवट, हिमायतनगर या पट्ट्यात जीपचा विषय हमखास निघतो. कुणीतरी आदिलाबादकडं नाहीतर पुसदकडं एखादी जुनी महिंद्रा पाहून आलेला असतो. हूड फाटलंय, पत्रा थोडा गेलाय, पण इंजिन एक नंबर आहे आणि मालक दीड लाखात सोडायला तयार आहे, असं तो सांगतो. ऐकणारा पंचविशीतला असतो. मोबाइलवर हरियाणातल्या डबवालीच्या सजवलेल्या जीप बघून त्याचं मन आधीच तयार झालेलं असतं. आठ दिवसांत गाडी अंगणात येते, आणि पुढच्या दोन-तीन दिवाळ्या ती अंगणातच असते. आमच्या भागात हे इतक्या घरांत पाहिलंय की आता गप्प बसवत नाही.

तेव्हा जीप घेऊ पाहणाऱ्या पोरांनो, आणि त्यांना पैसे देणाऱ्या आईबापांनो, चुलत्यांनो, मालक सांगतो ती किंमत म्हणजे नुसती सुरुवात आहे. खरा खर्च मागून येतो, आणि मोडकळीला आलेल्या जीपच्या बाबतीत तो खरेदीच्या अडीचपट, कधी तिप्पट होतो. तेवढं सोसायची तयारी असेल तर जरूर घ्या. नसेल तर स्वस्तातल्या जीपला हात लावू नका.

हौस चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. मुंबई-पुण्याच्या शौकिनांकडं टप मागं दुमडणाऱ्या विलायती मोटारी असतील. आपल्या भागातली उघडी गाडी म्हणजे जीप. १९४५ साली महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढं तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात मोहम्मदच्या जागी दुसरंही महिंद्राच लागलं. मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. उंच बॉनेटची सीजे-३बी ही त्यातलीच. अमेरिकेत ती १९६८ ला बंद पडली, आपल्याकडं त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली. ज्या काळात पैनगंगेच्या काठच्या गावांना धड रस्ता नव्हता, तेव्हा तांड्यावर आणि कोलामांच्या पोडावर पोचायची ती जीपच. पंचायत समितीच्या साहेबांची जीप, वनखात्याची जीप, युनिसेफनं आरोग्य केंद्रांना दिलेली जीप, निवडणुकीतली भोंगा बांधलेली जीप. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना तिच्या इंजिनाचा आवाज लांबून ओळखू येतो. असं वाहन जपावं असं कुणाला वाटत असेल तर मला त्याचा आनंदच आहे. म्हणूनच ती अर्धवट खोलून पावसात सडवली जाते तेव्हा जीव तुटतो.

पहिली गोष्ट कागद. गाडी बघायच्या आधी कागद बघा, आणि कागद पटले नाहीत तर गाडी बघायला जाऊच नका, कारण एकदा तिच्यात बसलात की डोकं चालत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. बहुतेक जुन्या जीपची ही मुदत कधीच संपलेली असते आणि विकणारा त्यावर बोलत नाही. मुदत संपल्यानंतर उशिराचे महिन्याला ५०० रुपये लागतात, म्हणजे वर्षाचे ६ हजार. शिवाय २० वर्षांवरच्या हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये १० हजार झालं आहे. त्यावर पर्यावरण कर, विमा, नवी सुरक्षा नंबरप्लेट. पाच-सात वर्षं मुदत उलटलेली गाडी असेल तर नुसत्या कागदांनाच तुम्ही धरलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे जातात. नांदेडच्या परिवहन कार्यालयात गाडीचा नंबर घेऊन जा आणि एकूण किती भरावं लागेल ते आधी विचारून घ्या. हे काम एजंटाच्या तोंडी हिशेबावर सोडू नका.

जुन्या हस्तलिखित आरसी बुकाची आणखी एक भानगड असते. ती गाडी संगणकावर चढलेलीच नसते. 'वाहन' प्रणालीत नंबर टाकला की काहीच निघत नाही. अशा गाडीची बॅकलॉग नोंद ज्या कार्यालयात ती मुळात नोंदली गेली तिथूनच करून आणावी लागते, आणि तिथलं जुनं रजिस्टर सापडलं नाही तर गाडी अडकली. ही नोंद विकणाऱ्याच्या नावावर, विकणाऱ्याच्या खर्चानं आधी होऊ द्या. 'घ्या तर खरं, नंतर करून देतो' या शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

आपल्या भागाला शेजारच्या राज्याचं पाणी लागलेलं आहे. १९५६ पर्यंत किनवट तालुकाच आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळं सोयरीक, बाजार, बोली सगळं तिकडं जोडलेलं. गाडीही तिकडून येते, बहुतेक वेळा नातेवाइकाच्या ओळखीनं. पण तेलंगणाची गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, इथला कर भरावा लागतो आणि इथला नंबर घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांच्या पुढं इथं गाडी ठेवता येत नाही. ओळखीतला व्यवहार आहे म्हणून ना हरकत दाखला राहून जातो, मग तिकडचा मालक वारतो, त्याच्या पोरांच्या सह्या घ्यायला फेऱ्या सुरू होतात. सोयरा असला तरी दाखला हातात पडल्यावरच पैसे द्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

सरकारी खात्याच्या लिलावातली जीप असेल तर लिलावाचा कागद नीट वाचा. काही गाड्या फक्त भंगार म्हणून विकलेल्या असतात, त्यांची नोंदणी रद्द झालेली असते. अशा गाडीवर दुसऱ्याच एखाद्या जीपचं आरसी बुक चिकटवून ती विकायला काढलेली असते. म्हणून चॅसीवर ठोकलेला नंबर स्वतः तपासा. तो गंजाच्या आणि ग्रीसच्या थराखाली दडलेला असतो. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं ती जागा पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, नंबराचा ठसा कागदावर उमटतो. तो ठसा आणि आरसी एकेक अक्षर ताडून बघा. आकड्यांची उंची कमी-जास्त वाटली, मधेच एखादा आकडा नव्यानं ठोकल्यासारखा दिसला, आजूबाजूला कानशीनं घासल्याचे ओरखडे असले, तर तिथूनच परत फिरा. इंजिनाचा नंबरही तसाच बघा. पुष्कळशा पेट्रोल जीपमध्ये मागं कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर मात्र अजून पेट्रोलच लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथं ठेवील.

'विंटेज' हा शब्दही विकणाऱ्यांच्या तोंडी फार झालाय. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये त्याचे नियम ठरवले आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली हवी, आणि चॅसी, बॉडी, इंजिन मुळातलंच हवं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षांची, आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. एवढं करून ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच. १९७० च्या सीजे-३बीला हे लागू पडू शकतं. ऐंशीच्या दशकात आलेली एमएम ५४० अजून त्या वयाची झालेलीच नाही, तिला कुणी विंटेज म्हणून चढा भाव सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

कागद पटले, आता गाडी. सोबत एक जाड पेचकस, एक छोटा हातोडा, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक जाणता मिस्त्री घ्या. मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या. हजार-दोन हजारांनी तुमचे लाख वाचतील.

चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, पण वीतभर जागेत चुंबक घसरत गेलं तर तिथला पत्रा गंजून गेलेला समजा. मग खाली आडवे व्हा. आपली काळी माती चॅसीच्या आतल्या कोपऱ्यात जाऊन बसते. किनवट-माहूरकडं पाऊसही मराठवाड्याच्या मानानं चांगला पडतो. ती ओली माती महिनोन् महिने लोखंडाला चिकटून राहते आणि चॅसी आतून खात जाते. बाहेरून काळा रंग मारलेला असतो, सगळं ठणठणीत दिसतं. हातोडीनं चॅसीवर थोडक्या थोडक्या अंतरावर टकटक करा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. जिथं तो बसका येतो तिथं पेचकसाचं टोक लावून जोर द्या. पोखरलेल्या लाकडासारखं ते आत गेलं आणि तपकिरी पोपडे खाली पडले, तर जाणून घ्या की गाडीचा कणाच गेलाय. कमानपाट्यांचे ब्रॅकेट, आडव्या पट्ट्या, सीटखालचं फ्लोअर, बॉडी जिथं चॅसीवर बसते त्या जागा, या सगळ्या अशाच ठोकून बघा. चॅसी गेलेली जीप फुकट दिली तरी घेऊ नका, हे मी पूर्ण विचारांती लिहितोय. पट्ट्या ठोकून वेल्डिंग केलेल्या चॅसीवर चार माणसं बसवून सहस्रकुंडच्या उतारावर जायचं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोक इंजिनाकडं गरजेपेक्षा जास्त बघतात. इंजिन खोलता येतं, बोअर करता येतं, पिस्टन-रिंगा मिळतात, क्रँक घासून देणारे लेथवाले नांदेडला आहेत. एमएम ५४० मधलं प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेलेलं आहे. जुन्या सीजेच्या पेट्रोल इंजिनाचे भाग मात्र शोधावे लागतात. सिकंदराबादचं राणीगंज, दिल्लीचं काश्मिरी गेट, असं करत मागवावे लागतात आणि तिथून आलेला भाग बसेलच याची खात्री नसते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधले रबराचे भाग त्यासाठी बनलेले नाहीत, आणि टाकीतला जुना गाळ-गंज सुटून तो पुढं जेटमध्ये अडकतो. टाकी साफ करणं आणि नळ्या बदलणं हा खर्च पेट्रोल जीपवाल्यानं पहिल्या दिवशीच धरावा.

मिस्त्र्यांच्या तोंडून बरेच वेळा ऐकलेलं वाक्य आहे, 'चालू गाडी आहे, फक्त रंग मारा.' ज्या गाडीच्या स्टिअरिंगला मूठभर प्ले आहे, किंगपिन ढिले आहेत, तीन-तीनदा पंप केल्याशिवाय ब्रेक लागत नाही, तिला रंग मारणं हा गुन्हा आहे. पहिला पैसा ब्रेक आणि स्टिअरिंगवर. मग टायर. मग वायरिंग, कारण जुन्या जीपच्या गाठी मारलेल्या वायरींनी पेट घेतल्याचे प्रकार घडतात. रंग सगळ्यात शेवटी. पोरं नेमकं उलटं करतात, कारण फोटो रंगाचा निघतो.

आता हिशेब. दर गावागावाला आणि मिस्त्र्यामिस्त्र्याला बदलतात, हा अंदाज आहे, पण तो मी फुगवून धरलेला नाही. समजा जीप १ लाख ५० हजारांना घेतली. पत्राकाम, चॅसीची डागडुजी आणि रंग मिळून १ लाख २५ हजार. इंजिनाचं पूर्ण काम ८० ते ९० हजार. गिअरबॉक्स, फोर बाय फोरचा डबा, एक्सल, किंगपिन यांना ५० हजार. ब्रेक आणि स्टिअरिंग २५ हजार. स्टेपनी धरून पाच टायर ३५ हजार. वायरिंग आणि बॅटरी २० हजार. नवं हूड, त्याचे पाइप आणि सीटचं कुशनकाम ३० हजार. मुदत फार उलटलेली नसेल तर कागद २५ हजार, आणि गाडी आणण्या-नेण्याला १० हजार. हे ४ लाखांवर जातं, आणि खरेदी धरली तर साडेपाच लाख. वर वेगळे १५-२० टक्के हाताशी ठेवा, कारण खोलल्यावर जे निघतं ते आधी कुणालाच दिसलेलं नसतं. साडेपाच-सहा लाख घालून तयार झालेली ही जीप उद्या विकायला काढली तर तेवढे पैसे उठत नाहीत. उलट थोडं थांबून, चार ठिकाणी फिरून, कागद पूर्ण असलेली, चॅसी धड असलेली, नीट चालणारी जीप तुम्ही यापेक्षा कमी पैशात आणू शकता. तिची किंमत ऐकताना जास्त वाटते, एवढंच. दीड लाखाची पडकी आणि साडेतीन लाखांची धडकी समोर असेल तर डोळे झाकून दुसरी घ्या.

'वरातीला भाड्यानं देऊ, पैसे निघतील' हे घरच्यांना पटवायचं ठरलेलं कारण आहे. लग्नसराई किती दिवसांची असते ते मोजा. आणि खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं लावणं बेकायदा आहे, परवाना लागतो. नवरदेवाच्या पुढं नाचणाऱ्या गर्दीत ब्रेक न लागल्यानं कुणी सापडलं तर विमा हात वर करील आणि भरपाई तुमच्या शेतावर येईल. सहस्रकुंडला येणारे पर्यटक फिरवायचा बेतही याच कारणानं मोडतो. जीप हौसेसाठी घ्या. ती कमवून देईल या हिशेबावर घेऊ नका.

आणि आईबापांनो, तुम्हाला एक कळकळीची विनंती आहे. पीककर्ज, सोनं गहाण ठेवून घेतलेलं कर्ज, सावकाराचे पैसे यातला एकही रुपया जुन्या जीपमध्ये जाऊ देऊ नका. इतक्या जुन्या गाडीवर बँक सहसा वाहनकर्ज देत नाही, म्हणून पोरगं दुसऱ्या वाटेनं पैसे उभे करायला बघतं. पुढच्या हंगामाचं बियाणं, खत, घरातलं दवाखान्याचं, पोरीच्या शिक्षणाचं बाजूला काढून जे उरेल, तेही दोन हंगामांत विभागून, एवढंच जीपचं. पैसे नसतील तेव्हा काम थांबवा, पण मग गाडी खोलून ठेवू नका. एका वेळी एकच भाग खोला, तो पूर्ण करा, गाडी चालू करा, मगच पुढचा भाग. पूर्ण खोललेली जीप मिस्त्र्याकडं वर्षभर पडली की तिचे नटबोल्ट, गेज, कार्बोरेटर एकेक करून कुठं गेले ते कुणालाच सांगता येत नाही. खोलण्याआधी मोबाइलवर प्रत्येक भागाचे फोटो काढा, सुटलेले भाग डब्यांत घालून डब्यावर चिठ्ठी लावा, आणि डबे घरी आणा. मिस्त्र्याशी मजुरी कागदावर ठरवा, कामाच्या टप्प्याप्रमाणं पैसे द्या, आणि जुना काढलेला भाग परत मागा. चांगल्या मिस्त्र्याला याचा राग येत नाही. आपल्याकडचे जुने उस्ताद, चाचा लोक तर स्वतःहून जुना भाग हातात देतात.

डबवालीच्या जीपसारखी रुंद चाकं, भलेमोठे बंपर, कापलेली बॉडी, हे सगळं करू नका. पैसे जातात, कायद्यात बसत नाही, आणि मूळ जीप कायमची जाते. जिचं बॉनेट, जाळी, पाठीमागचं फाळकं अजून कारखान्यातलं आहे अशी गाडी आता कमी राहिली. रंगही तिचा मूळचाच शोधून द्या. डॅशबोर्डच्या मागं किंवा सीटखाली तो सापडतो.

शेवटी ज्यांच्या घरी आधीपासूनच जीप उभी आहे त्यांच्यासाठी. आजोबांची, वडिलांची जीप गोठ्याच्या कडेला वर्षानुवर्षं पडलेली घरं इस्लापूरपासून माहूरपर्यंत आहेत. भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि लोक देऊन टाकतात. देण्याआधी ट्रंकेतलं आरसी बुक काढून बघा. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते गेले असतील तर वारसाच्या नावावर करून घ्या, जितका उशीर तितक्या सह्या वाढतात. गाडी दगडांवर उचलून टायर जमिनीपासून सुटे करा, बॅटरी काढा, टाकी रिकामी करा, खालची माती पाण्यानं धुऊन चांगली वाळू द्या आणि चॅसीला जुन्या इंजिन ऑइलचा हात मारा. वर पत्र्याचं छप्पर हवं. नुसती ताडपत्री गुंडाळली तर आत ओल धरते. एवढ्याला फार खर्च नाही, आणि पुढं घरात कुणाला ऐपत आली तर त्याला चॅसी धड सापडेल.